उपासन्यांच्या प्लेटा

राजापेठेतल्या जानरावांच्या छापखान्यात कमलाकांत उपासने तेवीस वर्षं ब्लॉक करत होते. पुढारी, दिवंगत, उत्तीर्ण, विवाहित आणि बेपत्ता अशा पाच प्रकारच्या माणसांचे चेहरे वर्तमानपत्राला लागतात. अमरावतीतले हे पाचही प्रकार आधी उपासन्यांच्या तेजाबातून जात आणि मगच लोकांसमोर येत. जस्ताच्या पत्र्यावर चेहरा उतरवायचा, राखायचा तेवढा भाग राळेनं झाकायचा, उरलेलं तेजाबाला खाऊ द्यायचं आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून जुळाऱ्याच्या हाती द्यायचा. यात त्यांच्या बोटांची नखं पिवळी झाली होती आणि नाकाची वास घेण्याची शक्ती गेली होती. दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कारण बिऱ्हाड अंबापेठेत, एका उघड्या गटाराच्या काठी होतं.

वडील विष्णुपंत याज्ञिकी करत. शहरात कुठंही सत्यनारायण असला की पाटावर बसलेल्या माणसाचं नाव सगळ्यांना ठाऊक असे. मुलगा त्याहून जास्त घरांत पोचला, रोज सकाळी चहाबरोबर पोचला, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फोटोखाली फोटोतल्या माणसाचं नाव असतं, काढणाऱ्याचं कधीमधी असतं. ब्लॉक करणाऱ्याचं नाव असण्याची पद्धत नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या कोटाच्या टोकाशी उपासन्यांनी राईएवढा ‘उ’ कोरला होता. जानरावांना तो दिसला नाही, वाचकांना दिसला नाही आणि पुढाऱ्यांना तर कोटच ओळखू आला नाही. तेव्हापासून त्यांच्या मनानं एकच घेतलं होतं: मरण्यापूर्वी एका तरी वस्तूवर आपलं पुरं नाव असावं, आणि ती वस्तू आपण केलेली असावी.

या धंद्याचा एकच नियम आहे. धातूवर जे असतं ते उलटं असतं. उलटं असतं म्हणूनच कागदावर सुलटं उमटतं. हा नियम उपासन्यांना गायत्रीमंत्रानंतर शिकवला गेला, पण वापरला गेला तो जास्त. उलटी अक्षरं ते सुलट्याइतक्याच वेगानं वाचत. किंबहुना धातूवर सुलटं काही दिसलं, की कुणाचं तरी चुकलंय अशी त्यांची पहिली समजूत होई.

पासष्ट साली लढाई झाली आणि बातम्या ऐकण्यासाठी जो तो रेडिओ शोधू लागला. लढाई बावीस-तेवीस दिवसांत आटोपली; रेडिओची हौस राहिली. लग्नात जावई घड्याळाऐवजी ट्रान्झिस्टर मागू लागले. अकोल्याला गांधी रोडवर ओमप्रकाश नावाच्या मारवाडी गृहस्थांचं रेडिओचं दुकान होतं. मागच्या खोलीत त्यांचा मेकॅनिक नत्थुजी सुटं सामान जोडून सेट बनवी, आणि पुढच्या खोलीत ओमप्रकाश ते सेट कुठल्या देशातून आले हे गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ठरवीत. दिवाळीच्या जाहिरातीचा ब्लॉक करून घ्यायला ते अमरावतीला आले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी खिशातून एक तपकिरी पाटी काढली. पोस्टकार्डाच्या निम्मी. एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला आणि त्यात वाटा कोरलेल्या. ट्रान्झिस्टरचं सामान दुसऱ्या बाजूनं भोकांतून ओवायचं आणि तांब्यावर डाग द्यायचा. तारांचं जंजाळ नको. हिला ते प्लेट म्हणत. प्लेटा मुंबईहून येतात, कोरी पाटी हवी तेवढी मिळते, पण कोरलेली मिळायला दोन-दोन महिने लागतात, अशी त्यांची रड होती.

उपासन्यांनी प्लेट उजेडात धरली. राखायचा भाग झाकलेला, बाकीचं तांबं तेजाबानं खाल्लेलं.

“हा तर ब्लॉकच आहे,” ते म्हणाले.

हे वाक्य बरोबर होतं तितकंच घातकी होतं. पण ते कळायला अजून तीन महिने होते.

ओमप्रकाशांनी कोऱ्या पाट्या आणि तांब्याच्या वाटांचा एक नकाशा दिला. उपासन्यांनी बारीक कुंचल्यानं, एनॅमलच्या रंगात, समोर नकाशा ठेवून पाच प्लेटा थेट तांब्यावर काढल्या. शोऱ्याच्या तेजाबानं पत्रा सुटून येतो हे पहिल्याच पाटीनं शिकवलं, तेव्हा नुसतं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड आणलं. पाचही अकोल्याला गेल्या. नत्थुजीनं सामान चढवलं आणि पाचही सेट बोलले. ओमप्रकाशांनी कळवलं की दोनशे पाहिजेत, संक्रांतीच्या आत. जमल्यास दर महिन्याला दोनशे. शिवाय प्लेटच्या कोपऱ्यात आपलं नाव घालायचं असल्यास हरकत नाही, कारण त्यानं त्यांचं काही बिघडत नव्हतं.

उपासन्यांनी राजीनामा लिहिला. त्यात ‘ऋणानुबंध’, ‘क्षितिज’ आणि ‘स्वतंत्र उद्योग’ हे शब्द होते. जानरावांनी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

आता दोनशे प्लेटा कुंचल्यानं काढायला माणूस चित्रगुप्त हवा. उपासन्यांनी धंद्यातली अक्कल लढवली. नकाशा एकदाच काढला, कोपऱ्यात ‘उपासने, अमरावती’ लिहिलं आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक केला. त्या ब्लॉकनं चिकट शाईत कागदांवर ठसे घ्यायचे, ओल्या शाईवर राळेची पूड भुरभुरायची, तो कागद तांब्यावर पालथा घालून वरून गरम इस्त्री दाबायची. राळ वितळून तांब्याला धरते. मग कागद सोडवायचा आणि पाटी फेरिकमध्ये. विचार चोख होता. फक्त कागद सुटत नव्हता. सोडवायला जावं तर अर्धी राळ कागदाबरोबर येई, अर्धी तांब्यावर राही, आणि उपासने दोघांनाही नावं ठेवीत.

चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी अनसूयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या की कागदाला आधी कुरडईचा चीक लावून वाळवला तर? ठसा चिकावर बसेल, पाण्यात टाकल्यावर चीक सुटेल, कागद आपोआप निघेल. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा चीक निघतो त्याच्याशी वीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे सुचणं साहजिक होतं. उपासन्यांना मात्र ते साहजिक वाटलं नाही, आणि बरंही वाटलं नाही. त्यांनी करून पाहिलं. कागद सायीसारखा सुटला आणि तांब्यावर काळ्या रेघा जशाच्या तशा राहिल्या. त्यानंतर कुणी विचारलं तर ते सांगत, कागदाला एक रासायनिक लेप द्यावा लागतो.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या दोन खोल्यांत दुसरं काही झालं नाही. लेप अनसूयाबाई करत, कागद त्या वाळवत, इस्त्रीतले कोळसे त्या फुलवत आणि इस्त्रीही त्याच दाबत. कारण किती गरम झाली हे उपासन्यांना हाताला कळत नसे, त्यांचे हात तेजाबानं मेले होते. जोर सारखा पडायला हवा म्हणून त्या दोन्ही हातांनी दाबत. उजव्या मनगटावर एक लांबट डाग पडला, बांगड्यांनी तो झाकला जाई. उपासने फेरिकच्या पराती हलवत आणि कोरलेल्या पाट्यांना भोकं पाडत. फरशीवर गंजाचे डाग पडले, घरमालकानं दोनदा बोलून दाखवलं, शेजारच्या गोदाबाई विचारून गेल्या की घरात नेमकं शिजतंय काय.

साठेक प्लेटा झाल्या असतील. अनसूयाबाईंनी धुतलेली प्लेट पदरानं पुसली आणि कोपऱ्यातलं नाव पाहिलं.

“अहो, नाव उलटं आलंय.”

“धातूवर उलटंच येतं.”

त्यांनी थोडा विचार केला. “पण हे पुढं कशावर छापायचंय?”

इतका सरळ प्रश्न उपासन्यांना तेवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तरही तितकंच सरळ होतं: कशावरच नाही. प्लेट ही शेवटची वस्तू होती, तिच्यापुढं कागद नव्हता. पण उपासन्यांनी प्लेट हातात घेतली, नाव वाचलं, ते त्यांना स्वच्छ वाचता आलं. शेजारी पडलेला ठशाचा कागद घेऊन ओमप्रकाशांच्या नकाशाशी ताडून पाहिला. रेघ न रेघ जुळत होती. कागदावर सुलटं आणि धातूवर उलटं. नियमाप्रमाणं जसं असायला हवं तसंच सगळं होतं. हातानं काढलेल्या पाच प्लेटा शेजारी असत्या तर गोष्ट वेगळी. त्या अकोल्यात वाजत होत्या.

“तू इस्त्री कर,” ते म्हणाले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पत्र्याच्या ट्रंकेत दोनशे प्लेटा घालून ते बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेले. अंगावर ठेवणीतला कोट होता. ओमप्रकाशांनी चहा मागवला, वरच्या प्लेटवरून बोट फिरवलं, काम मुंबईपेक्षा साफ आहे असं चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. उपासन्यांच्या आयुष्यातली ही पंधरा मिनिटं उत्तम गेली. तेवढ्यात नत्थुजी मागच्या खोलीतून प्लेट घेऊन बाहेर आला.

“बाबूजी, ह्या उलट्या हायेत.”

उपासन्यांनी हसून त्याला समजावून दिलं. धातू, कागद, छाप, नियम. मारवाड्याच्या दुकानात उभं राहून त्यांनी मुद्रणकलेवर लहानसं व्याख्यान दिलं. नत्थुजीनं ते पुरं ऐकून घेतलं. मग त्यानं खिशातून सामानातली एक चौकोनी डबी काढली आणि प्लेटच्या भोकांवर धरली.

“हे पा. डबीले पाच पाय हायेत. इकडून तीन, तिकडून दोन, तेबी एका अंगाले सरकलेले. भोकं उलटीकडून हायेत. फिरवली तरी बसत नाई.” मग जुन्या पाचांतला एक सेट उघडून त्यातली प्लेट त्यानं नव्या प्लेटशेजारी ठेवली. “आता तुमीच पा.”

दोन प्लेटा माणूस आणि त्याचं आरशातलं रूप यांच्यासारख्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. जुन्या प्लेटवर नाव नव्हतं. नवीवर होतं, आणि दुकानात ते वाचता येणारा एकच माणूस होता. उपासन्यांना सगळं एकदम कळलं. कळलं म्हणजे काय, तर साठाव्या प्लेटच्या वेळचा तो प्रश्न शब्दन् शब्द आठवला.

ओमप्रकाश वाट पाहत होते. गिऱ्हाइकं वाट पाहत होती. तेवीस वर्षं धातूवर काम केलेला माणूस धातूवर चुकला, हे कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं. उपासन्यांनी दुसरं वाक्य उचललं.

“घरी मंडळींनी कागद उलटे लावले,” ते म्हणाले.

कागद उलटा लावताच येत नाही. उलटा लावला तर शाई वर राहते, इस्त्रीला चिकटते आणि तांबं कोरंच्या कोरं राहतं. पण हे त्या दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं ती अंबापेठेत तिळगूळ करत होती.

“बाईमानसाच्या हाती हे काम काहून देल्लं, पंडितजी?” ओमप्रकाश म्हणाले. रागानं नाही, हळहळून म्हणाले.

उपासन्यांनी थंड झालेला चहा उचलला. अशा प्रसंगी चहा पिणं हे होय म्हणण्याहून सभ्य दिसतं. पाट्या ओमप्रकाशांच्या होत्या. त्या त्यांनी भंगारात टाकू म्हणून ठेवून घेतल्या आणि विषय संपवला. ट्रंक परत येताना हलकी होती. घरी त्यांनी सांगितलं की माल पसंत पडला नाही.

जानरावांनी खणातून राजीनामा काढला नाही, म्हणजे तो स्वीकारलाही नाही आणि परतही दिला नाही. उपासने आठवड्याभरानं कामावर गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले की, ऐकलं आम्ही, वहिनींकडून जरा गडबड झाली म्हणे, चालायचंच. अकोल्याहून गोष्ट गाडीनं आली असावी, कारण रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला ती गोदाबाईंच्या ओसरीवर पोचली होती. तिथं अनसूयाबाईंना सगळ्यांनी समजावलं की मनाला लावून घेऊ नका, यंत्रातलं आपल्याला कसं कळणार. त्या वाण घेऊन घरी आल्या. नवऱ्याला त्यांनी काहीही विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात कुरडया झाल्या नाहीत, आणि त्या दिवसानंतर इस्त्री त्यांनी हातात धरली नाही. उपासन्यांचे सदरे आधी चुरगळलेले दिसू लागले, मग परटाकडे जाऊ लागले. बोलणं मात्र पूर्वीइतकंच राहिलं. पूर्वीही ते फार नव्हतं.

अडुसष्ट साली तेल्हाऱ्याचे खुशालराव वडिलांच्या पुण्यस्मरणाचा फोटो छापायला जानरावांकडे आले. काळ्या जमिनीचे मालक, धोतर पांढरं, खांद्याला कातडी पेटीतला ट्रान्झिस्टर. बरोबर त्यांचे चुलतभाऊ पुंजाराम होते, ते ट्रान्झिस्टरला माणूस असल्यासारखी जागा करून देत होते. फोटो पाहायला उपासने बाहेर आले, तेव्हा सेट खरखरत होता. सेल बदलायला खुशालरावांनी मागचं झाकण उघडलं आणि उघडलंच आहे म्हणून दाखवलंही.

“जपानी हाये. आतमदी त्यायच्या भाषेत लिवलं हाये, पा.”

उपासन्यांनी पाहिलं. नत्थुजी हुशार निघाला होता. उलटी प्लेट निकामी नसते. सामान पाठीऐवजी तांब्याच्याच बाजूला चढवलं की तिची चूक फिटते. काम किचकट, डब्यांच्या पायांना तारेचे तुकडे जोडून त्या अधांतरी धरल्या होत्या, खाली पुठ्ठा घातला होता. पण सेट बोलत होता. आणि सामान तांब्याच्या बाजूला असल्यामुळं तांबं झाकणाकडे तोंड करून होतं, आणि कोपऱ्यात, लखलखीत, राळेच्या एकाही टवक्याशिवाय, नाव होतं. प्लेटा बरोबर निघाल्या असत्या तर ते नाव आत, कर्ण्याकडे वळून, कायमचं अंधारात गेलं असतं. चुकल्या म्हणून ते दिसत होतं. दोनशे सेटांत, वऱ्हाडभर, झाकण उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

“हे जपानी नाही,” उपासने म्हणाले. “हे माझं नाव आहे.”

पुंजाराम हसले. खुशालराव हसले नाहीत. ते जमीन घेताना सात-बारा स्वतः वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा प्लेटकडे पाहिलं, एकदा उपासन्यांच्या पिवळ्या नखांकडे.

“समोर न्हाव्याकडे आरसा आहे,” उपासन्यांचा आवाज चढला होता. “मागवतो. आरशात बघा. ‘उपासने, अमरावती’. स्वच्छ दिसेल.”

खुशालरावांनी झाकण लावलं. स्क्रू फिरवायला नाणं शोधलं, सापडलं, सावकाश फिरवला.

“आरसा नोका आनू, बाबूजी. असाच एक जावयाले देल्ला हाये, जपानी म्हनून. तो अमरावतीचा निघाला त पोरगी नांदन का?” मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुमी वाचलं ते वाचलं. तेल्हाऱ्यात कोनाले नोका सांगू.”

आतून जानरावांनी विचारलं की काय झालं. खुशालरावांनी सांगितलं की काही नाही, वडिलांचा फोटो एका कॉलमाऐवजी दोन कॉलमांत घ्या म्हणतो. जानराव खूश झाले. उपासन्यांनी त्या दुपारी दोन कॉलमांचा ब्लॉक केला. चांगला झाला, म्हाताऱ्याच्या मिशीचा केसन् केस आला.

संध्याकाळी ते घरी गेले. ही बातमी ऐकून ज्याला आनंद व्हावा असं माणूस जगात एकच होतं, आणि ते चुलीपुढं भाकरी थापत होतं. उपासने जेवायला बसले. दोन घास झाल्यावर म्हणाले, “ओमप्रकाशनं त्या प्लेटा वापरल्या. सगळ्या.”

अनसूयाबाईंचा हात भाकरीवर थांबला. “उलट्या होत्या ना?”

“नत्थुजीनं सामान चुकीच्या बाजूला जोडलं.”

“मग सेट वाजतात?”

“वाजतात,” उपासने म्हणाले. “पण चुकीचे वाजतात.”

भाकरी तव्यावर पडली. अनसूयाबाईंनी ती उलटली, फुगू दिली, त्यांच्या ताटात टाकली. मग पहिल्यांदाच त्यांनी ते विचारलं, पाठमोऱ्या राहून, इतक्या साध्या आवाजात की सांगून टाकायला याहून सोपी वेळ परत आली नसती.

“आणि कागद मी कसे लावले होते?”

उपासन्यांनी भाकरी मोडली. ती गरम होती. त्यांच्या बोटांना ते कळलं नाही.

“कागदांचं आता काय,” ते म्हणाले.

अनसूयाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढून उठल्या. अजून एक भाकरी व्हायची होती. ती त्यांची स्वतःची होती, ती त्यांनी केली नाही.